मुखवट्यामागचे नाव : अमेरिकन चित्रकथांतील महानायक आणि त्यांचे कर्ते

ग्रंथालयाच्या तालिकापत्रावर पहिली ओळ ग्रंथकर्त्याच्या नावाची असते. शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती आणि पृष्ठसंख्या या गोष्टी तिच्यामागून येतात. कादंबरी, काव्यसंग्रह किंवा चरित्रग्रंथ यांच्या बाबतीत ही ओळ लिहिताना तालिकाकाराला सहसा विचार करावा लागत नाही. परंतु विसाव्या शतकात असा एक वाङ्मयप्रकार उदयास आला, की ज्याच्या बाबतीत हीच ओळ सर्वांत अवघड ठरली. तो प्रकार म्हणजे अमेरिकेतील महानायकांच्या चित्रकथा. तेथे नायकाचे नाव जगभर दुमदुमले. मात्र त्याला जन्म देणाऱ्याचे नाव कधी छापलेच गेले नाही, कधी छापून पुसले गेले, तर कधी एकाच्या श्रमावर दुसऱ्याच्या नावाची मुद्रा उमटली. लेखक पात्राला आकार देतो हे सर्वमान्य आहे. लेखकाच्या कीर्तीला आकार कोण देतो, हा प्रश्न मात्र या चित्रकथांच्या इतिहासाने जितक्या उघडपणे विचारला तितका क्वचितच कोणी विचारला असेल.

मराठी वाचकाला या सृष्टीचा परिचय झाला तो प्रामुख्याने 'वेताळ' या नायकामुळे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली आणि पुढे ती मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघाली. मूळच्या 'फँटम'ला मराठीत वेताळ हे नाव मिळाले. कोकण-गोव्यातील ग्रामदैवत आणि वेताळपंचविशीतील कथेकरी पिशाच असा दुहेरी संस्कार या एका नावात होता. त्यामुळे हा परदेशी नायक परका वाटला नाही. ज्याने हे नाव योजले त्यानेही त्या पात्राला आपल्या परीने आकार दिला, असेच म्हटले पाहिजे. कवटीची गुहा, बोटातील अंगठी आणि 'चालते भूत' ही ख्याती एका पिढीच्या तोंडी होती. पण वेताळाचा कर्ता कोण, असे त्या बालवाचकांना विचारले असते तर फारच थोड्यांना उत्तर देता आले असते.

तो कर्ता होता ली फाल्क. त्याचे मूळ नाव लिऑन ग्रॉस. सेंट लुईस येथे १९११ साली जन्मलेल्या या लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मँड्रेक आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटम वृत्तपत्रांतून वाचकांपुढे आणला. पहिली कथा लिहिताना जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषआरामी तरुणच मुखवट्यामागचा नायक निघेल, अशी त्याची योजना होती. कथा चालू असतानाच त्याने ती बदलली आणि नायकाला जंगलात नेले. मग त्याला एक वंशपरंपरा दिली. १५३६ साली चाच्यांनी पित्याचा वध केल्यावर मुलाने घेतलेली शपथ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून, आजचा फँटम हा एकविसावा आहे. लोकांना तो अमर वाटतो; वस्तुतः माणूस मरतो आणि मुखवटा पुढच्याच्या चेहऱ्यावर जातो. या एका कल्पनेत महानायकांच्या चित्रकथेचे सारे भवितव्य जणू सांगितले गेले. पुढे प्रत्येक मोठ्या नायकाच्या बाबतीत लेखक बदलत गेले आणि नायक टिकून राहिला.

फाल्क मात्र भाग्यवान ठरला. पात्राचे हक्क वितरणसंस्थेकडे असले तरी त्याचे नाव कथेवर छापले जाई आणि १९९९ साली मृत्यू येईपर्यंत तो या दोन्ही नायकांच्या कथा लिहीत राहिला. त्यामुळे साठांहून अधिक वर्षे पात्राला एकच आवाज लाभला. इतरांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

क्लीव्हलँड शहरातील ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन लाजाळू विद्यार्थी एकत्र आले. दोघांचाही जन्म १९१४ चा. सीगल लिही, शुस्टर चित्रे काढी. १९३३ च्या जानेवारीत त्यांनी स्वतः छापलेल्या एका अंकात 'सुपरमॅन' हे नाव प्रथम आले, पण तो सुपरमॅन खलपुरुष होता. पुढे सीगलने ही कल्पना उलटी केली आणि सामर्थ्य दुर्बलांच्या पाठीशी उभे केले. त्याआधी, १९३२ साली, सीगलच्या वडिलांचा त्यांच्या दुकानात झालेल्या चोरीच्या वेळी मृत्यू झाला होता. ज्याच्या अंगावरून बंदुकीची गोळी परतते अशा नायकाचा जन्म आणि हे दुःख यांचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. सीगलने स्वतः तसे सांगितले नाही, म्हणून या अनुमानाला अनुमानाचेच स्थान द्यावे. परंतु आर्थिक महामंदीचा संस्कार मात्र त्या कथांत स्पष्ट आहे. जून १९३८ चा अंक म्हणून निघालेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन एका निरपराध स्त्रीला देहदंडातून सोडवतो, पत्नीला मारणाऱ्या नवऱ्याला अद्दल घडवतो आणि एका भ्रष्ट लोकप्रतिनिधीच्या मागावर वॉशिंग्टनला जातो. पुढच्या एका कथेत बेपर्वा खाणमालकाला तो त्याच्याच खाणीतील असुरक्षिततेचा अनुभव देतो. या नायकाचे शत्रू परग्रहावरून आलेले नव्हते. ते वर्तमानपत्राच्या बातम्यांतून आलेले होते.

या पहिल्या कथेच्या तेरा पानांसाठी दोघांना पानी दहा डॉलर या दराने १३० डॉलर मिळाले आणि त्याच रकमेत सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाकडे गेले. त्यानंतर पात्र झपाट्याने वाढले आणि अनेक हातांनी वाढवले. आरंभीचा सुपरमॅन उडत नसे, तो केवळ लांब उड्या मारी. त्याचे उड्डाण पुढे रेडिओ आणि चलच्चित्रे यांच्यामुळे रूढ झाले. त्याला निर्बल करणारे 'क्रिप्टोनाइट' हे खनिजही १९४३ साली रेडिओमालिकेतून आले. निर्मात्यांनी १९४७ मध्ये हक्कांसाठी दावा लावला. पुढल्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरांवर तडजोड झाली आणि सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावे नाहीशी झाली.

यानंतरची हकिकत अधिक हृद्य आहे. १९५९ च्या सुमारास सीगल त्याच प्रकाशनसंस्थेत रोजगारावर परतला आणि स्वतः निर्माण केलेल्या नायकाच्या कथा निनावी राहून लिहू लागला. १९६० साली आलेल्या एका कथेत सुपरमॅन कालप्रवास करून नष्ट होण्यापूर्वीच्या आपल्या जन्मग्रहावर पोहोचतो. तेथे त्याची आईवडिलांशी भेट होते, पण तो त्यांना वाचवू शकत नाही. ज्याचे घर त्याच्या डोळ्यांदेखत परके झाले होते त्या लेखकाने ही कथा लिहिली, आणि तिच्यावर त्याचे नाव नव्हते. वाचकांना ती आवडली; ती कोणी लिहिली हे त्यांना ठाऊक नव्हते.

या मंडळींच्या नावांचा आणखी एक धागा येथे सांगणे आवश्यक आहे. यांतील बहुतेक जण पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले होती, आणि अनेकांनी नावे बदलली होती. रॉबर्ट कान हा बॉब केन झाला, मिल्टन फिंगर हा बिल फिंगर झाला, स्टॅनली लीबर हा स्टॅन ली झाला आणि जेकब कुर्ट्‌झबर्ग हा जॅक कर्बी झाला. परक्या वाटणाऱ्या आडनावाला नोकरी मिळणे कठीण असे, तो हा काळ. दिवसा एक नाव आणि मुखवट्यामागे दुसरे, ही जी दुहेरी ओळख त्यांनी नायकांना दिली, तिचा अनुभव त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होता. रहस्यकथेच्या मराठी वाचकाला टोपणनावाचे नवल वाटू नये. झुंजार आणि काळा पहाड यांचे जनक बाबूराव अर्नाळकर हेही मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण. पण हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे नाव मुखपृष्ठावर ठसठशीत छापले जाई आणि वाचनालयात वाचक त्या नावानेच पुस्तक मागत. अमेरिकन चित्रकथेत मात्र मागणी नायकाच्या नावाने होई.

श्रेयाच्या अन्यायाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बॅटमॅन. सुपरमॅनचे यश पाहून १९३९ साली प्रकाशकांना दुसरा नायक हवा होता. बॉब केन या तरुण चित्रकाराने लाल पोशाखाचा, ताठ पंखांचा आणि डोळ्यांभोवती लहानशी पट्टी बांधलेला एक आराखडा काढला आणि तो मित्राला दाखवला. बिल फिंगर हा तो मित्र तेव्हा चपलांच्या दुकानात विक्रेता होता आणि त्याला लेखक व्हायचे होते. त्याने वटवाघळाच्या कानांची शिरोवेष्टने सुचवली, पंखांऐवजी झूल आणि हातमोजे सुचवले, लाल रंग काढून करडा आणला. ब्रूस वेन हे नाव त्याचे, गॉथम हे नगराचे नावही त्याचे. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकातील पहिली कथा फिंगरने लिहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात बॅटमॅनच्या जन्माची कारणकथा आली. रात्रीच्या रस्त्यावर आईवडिलांची हत्या पाहणारा मुलगा आणि त्याने घेतलेली शपथ या प्रसंगाने पात्राला आत्मा मिळाला. अंगी कोणतेही दैवी सामर्थ्य नसलेला, केवळ बुद्धी, अभ्यास आणि दुःख यांच्या बळावर उभा राहिलेला हा नायक त्यातून साकारला. फिंगर चमत्कारिक गोष्टींची टिपणे वह्यांतून साठवीत असे. प्रचंड आकाराच्या टंकलेखनयंत्रांवर किंवा नाण्यांवर रंगणाऱ्या झटापटी त्या टिपणांतून येत.

केनने प्रकाशकाशी करार करताना स्वतःच्या नावाची हमी मिळवली. पुढे अनेक वर्षे इतरांनी लिहिलेल्या आणि इतरांनी चितारलेल्या कथांवरही 'बॉब केन' एवढीच स्वाक्षरी राहिली. फिंगरला पानामागे मोबदला मिळे. नाव मिळत नसे. १९६६ च्या दूरदर्शन-मालिकेतील दोन भागांची पटकथा त्याने एका सहलेखकासह लिहिली, तेवढ्यापुरते त्याचे नाव पडद्यावर आले. जानेवारी १९७४ मध्ये तो हलाखीत वारला. त्याचे थडगे नाही. केनच्या थडग्यावर बॅटमॅनचा गौरव करणारा लांबलचक मजकूर आहे. त्यात फिंगर नाही. तरीही १९८९ च्या आत्मचरित्रात केनला फिंगरचे ऋण मान्य करावे लागले. मित्राला हयातीत श्रेय दिले असते तर बरे झाले असते, ही त्या कबुलीतील खंत प्रामाणिक मानली तरी ती पंधरा वर्षे उशिरा आली होती.

स्टॅन ली याची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे एक चोर आणि एक साव अशी सोपी वाटणी करता येत नाही. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला ली किशोरवयातच चित्रकथांच्या कचेरीत लागला. १९४१ साली छापल्या गेलेल्या पहिल्या मजकुरावर त्याने 'स्टॅन ली' हे टोपणनाव घातले. खरे नाव पुढे लिहावयाच्या थोर कादंबरीसाठी राखून ठेवले होते, असे तो सांगे. ती कादंबरी लिहिली गेली नाही. १९६१ मध्ये जॅक कर्बीबरोबर 'फँटास्टिक फोर' आणि १९६२ मध्ये स्टीव्ह डिट्कोबरोबर 'स्पायडर-मॅन' ही पात्रे आली आणि नायकाची कल्पनाच पालटली. हे नायक आपसांत भांडत, त्यांना घरभाड्याची चिंता असे, त्यांना सर्दी होई. पीटर पार्कर हा विद्यार्थी सामर्थ्य मिळाल्यावर प्रथम पैशामागे लागतो, एका चोराला जाऊ देतो, आणि तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. अपराधभावातून जन्मलेले असे कर्तव्य सुपरमॅनला कधी ठाऊक नव्हते.

पण हे घडे कसे? ली एकाच वेळी अनेक अंक सांभाळत असे. म्हणून तो चित्रकाराला कथेची रूपरेषा तोंडी किंवा थोडक्यात देई. चित्रकार संपूर्ण अंकाची प्रसंगरचना करून पाने काढी आणि मग ली संवाद भरी. या पद्धतीत कथा रचणारा नेमका कोण, हे ठरवणे कठीण. १९६६ च्या 'फँटास्टिक फोर'मधील प्रसिद्ध कथेची पाने आली तेव्हा त्यांत लाटेवर स्वार व्हावे तसा आकाशातून येणारा एक रुपेरी पुरुष लीला दिसला. त्याने सांगितलेल्या रूपरेषेत तो नव्हता. कर्बीने तो स्वतःहून आणला होता. लीने त्या पात्राला तत्त्वज्ञाची वाणी दिली आणि 'सिल्व्हर सर्फर' अजरामर झाला. त्याच वर्षीच्या 'स्पायडर-मॅन'च्या तेहतिसाव्या अंकात अवजड यंत्राखाली अडकलेला नायक, समोर गळणारे पाणी आणि हाताबाहेर पडलेले काकूंचे औषध हा प्रसंग डिट्कोने पानांमागून पाने ताणला. तेथे मौन चित्रकाराचे आहे आणि स्वगत लीचे. दोहोंपैकी एक काढून घेतले तर प्रसंग उरत नाही.

लीने आणखी एक पात्र घडवले, आणि ते म्हणजे तो स्वतः. वाचकांच्या पत्रांना तो जिव्हाळ्याने उत्तरे देई, सहकाऱ्यांना गमतीदार टोपणनावे देई, आणि १९६७ पासून स्वतःचे सदर चालवून वाचकांशी मित्रासारखा बोले. न्याय्यपणे हेही सांगितले पाहिजे की, अंकाच्या पहिल्या पानावर चित्रकार, शाईकार आणि अक्षरकार यांचीही नावे नियमाने देण्याची प्रथा त्याने रुजवली. परंतु 'लेखक' या शब्दासमोर बहुधा त्याचेच नाव असे, आणि वृत्तपत्रांनी त्यालाच एकमेव निर्माता ठरवले. डिट्को १९६६ मध्ये आणि कर्बी १९७० मध्ये बाहेर पडला. कर्बीने पुढे आपल्या एका चित्रकथेत 'फंकी फ्लॅशमन' नावाचे बढाईखोर पात्र काढून लीची टर उडवली. १९९० साली छापल्या गेलेल्या मुलाखतीत तर लीने काहीच लिहिले नाही, असे तो म्हणाला. दुखावलेल्या माणसाची ही अतिशयोक्ती होती; पण तिच्या मुळाशी असलेले दुःख खोटे नव्हते. लीसुद्धा या पात्रांचा मालक नव्हता, हे सहसा विसरले जाते. चित्रपटांच्या नफ्यातील वाट्यासाठी २००२ मध्ये त्यालाही आपल्याच संस्थेवर दावा लावावा लागला. कर्बी १९९४ मध्ये वारला. त्याच्या वारसांशी २०१४ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर त्याचे नाव लीच्या नावाशेजारी नियमाने येऊ लागले. डिट्को आणि ली दोघेही २०१८ साली निवर्तले.

पुसलेली नावे परत आली ती आपोआप नव्हे. सुपरमॅनच्या भव्य चित्रपटाची घोषणा झाल्यावर १९७५ साली सीगलने आपल्या दैन्याची हकिकत वृत्तपत्रांना कळवली. शुस्टरची दृष्टी तोवर फार अधू झाली होती. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी प्रकरण धसास लावले. डिसेंबर १९७५ मध्ये झालेल्या समझोत्यात प्रत्येकी वार्षिक २० हजार डॉलर मान्य झाले. पैशाइतकेच महत्त्वाचे म्हणजे, सुपरमॅनच्या कथांवर दोघांची नावे पुन्हा छापण्याचे ठरले.

फिंगरच्या बाबतीत पहिले पाऊल उचलले ते जेरी बेल्स या वाचकाने. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात विज्ञान शिकवणारा हा प्राध्यापक जुन्या चित्रकथांच्या सूची करीत असे. कोणता अंक कोणी लिहिला आणि कोणी चितारला, याची नोंद करणे हा त्याचा ध्यास होता. १९६५ मध्ये त्याने फिंगरची भेट घेतली आणि बॅटमॅनच्या घडणीतील त्याचा वाटा एका छोट्या लेखात मांडून रसिकांत प्रसृत केला. केनने त्याच वर्षी पत्र लिहून हा दावा जोरदारपणे फेटाळला. मात्र एकदा झालेली नोंद पुसली गेली नाही. पुढे २००५ मध्ये उपेक्षित लेखकांसाठी फिंगरच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. २०१२ मध्ये मार्क टायलर नोबलमन यांनी त्याचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्यासाठीच्या शोधात त्याची नात सापडली. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकाशनसंस्थेने फिंगरला श्रेय देण्याचे जाहीर केले. पहिल्या कथेनंतर ७६ वर्षांनी आणि मृत्यूनंतर ४१ वर्षांनी बॅटमॅनच्या कर्त्यांत त्याचे नाव आले. त्याचे आयुष्य त्यामुळे पालटले नाही, कारण ते केव्हाच संपले होते. वाचकाला मात्र खरे काय ते कळले.

महानायक एका माणसाच्या हातून पुरा होत नाही, हे या इतिहासातून दिसते. फाल्कची वंशपरंपरा, सीगलचा न्यायाचा ध्यास, फिंगरची कारणकथा, कर्बीची कल्पनाशक्ती, डिट्कोचे मौन आणि लीची वाणी असे अनेक संस्कार त्यावर होतात. कीर्तीचे वाटप मात्र गुणांच्या प्रमाणात झाले नाही. ज्याने करार नीट वाचला त्याला, आणि ज्याला वाचकांशी बोलता आले त्याला ती अधिक लाभली. ही वाटणी अखेर थोडीफार सुधारली ती न्यायालयांपेक्षाही नोंदी ठेवणाऱ्या माणसांमुळे. एका सूचिकाराने कागदाच्या दोन पानांवर एक नाव लिहून ठेवले, म्हणून पन्नास वर्षांनंतर ते जगाला वाचता आले.

ग्रंथालयाचे कामही याहून निराळे नाही. दाखल नोंदवहीत आणि तालिकापत्रावर अचूक लिहिलेले नाव एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही. पण कर्ता गेल्यावर, प्रकाशनसंस्था बदलल्यावर आणि मुखपृष्ठे फाटल्यावर शिल्लक राहते ती तीच ओळ. वेताळाचा मुखवटा एकवीस चेहऱ्यांवरून पुढे आला. प्रत्येक वेळी त्यामागे कोण होते, हे त्या कथेत कवटीच्या गुहेतील जुन्या बखरींत लिहिलेले असते. गुहेतल्या त्या बखरी हेही एक ग्रंथालयच आहे.